ग्राफवरचा गोल, चादरीवरचा गोल

मागच्या अंकात जेकार्डच्या मागावर, म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या मागावर, नक्षी कशी चढते ते लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतली चार इथे घेतो आहे, कारण चौघांनीही वेगवेगळ्या वाटेने एकच गोष्ट विचारली आहे : चित्रकार विचार करतो तो आणि इंजिनिअर विचार करतो तो, यांत फरक नेमका कुठे असतो? नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की सोलापूरच्या पूर्व भागातल्या चादर कारखान्यांसाठी मी ३८ वर्षं ग्राफ काढले. चित्रकाराने रंगवलेला कागद माझ्या टेबलावर यायचा आणि मागाला कळेल अशा घरांत उतरून पुढे कार्ड पंचिंगला, म्हणजे कार्डांना भोकं पाडायला, जायचा. एका बाजूला चित्रकार, दुसऱ्या बाजूला माग लावून देणारे जॉबर आणि मागवाले. दोन्हीकडच्या माणसांबरोबर माझं आयुष्य गेलं.

प्रश्न : काका, मी मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाला आहे. लहानपणापासून चित्रं काढतो, इंटरमिजिएटला ए ग्रेड होती. सगळे म्हणाले, तुला इंजिनिअरिंग ड्रॉइंग काहीच अवघड जाणार नाही. पहिल्याच शीटवर एक लोखंडी ब्रॅकेट काढायचा होता. मी खूप मन लावून काढला. तो भरीव दिसावा म्हणून कडेला हलकं शेडिंग दिलं, पुढच्या कडा जाड आणि मागच्या फिकट केल्या. सरांनी लाल पेनने आख्ख्या शीटवर काट मारली आणि वर्गासमोर म्हणाले, "हे ड्रॉइंग आहे, चित्र नाही." वर्गातली पोरं म्हणतात की तुझं डोकं आर्टिस्टचं आहे, तू इथे कशाला आलास. मी खरंच चुकीच्या जागी आलोय का?
— प्रथम वर्षाचा विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : बाळा, काट मारली ती बरोबर होती. आख्ख्या वर्गासमोर मारायला नको होती. आणि जे वाक्य तुला ऐकवलं ते अर्धंच होतं, उरलेलं अर्धं मी सांगतो.

मी एकोणीस वर्षांचा होतो तेव्हाची गोष्ट. मास्तरांनी मला पहिल्यांदा एकट्याने ग्राफ काढायला दिला. नक्षी अगदी साधी होती, आठ पाकळ्यांचं गोल चक्र, २ इंचांचं. कापडाची घनता ठरलेली होती : इंचाला ताण्याचे, म्हणजे उभे, ४८ धागे, बाण्याचे, म्हणजे आडवे, ३६. जेकार्डच्या ग्राफमध्ये उभी एक रांग म्हणजे ताण्याचा एक धागा आणि आडवी एक ओळ म्हणजे बाण्याची एक फेक. मी हाताशी होता तो साधा चौकोनी ग्राफ घेतला, ९६ घरं आडवी, ९६ घरं उभी मोजली आणि त्यात सुंदर गोल बसवला. कंपासनेही येणार नाही इतका नेमका. दोनदा लांबून पाहिला, डोळे बारीक करून पाहिला, रंगाचा हात फिरवला. मग त्याची कार्डं पंच झाली, दोरीने गुंफली गेली, मागावर चढली. तीन दिवसांनी नमुना उतरला तेव्हा माझं चक्र अंड्यासारखं उभट आलं होतं.

मास्तर ओरडले नाहीत. त्यांनी ग्राफ आणि कापड शेजारी शेजारी पसरलं आणि मला पट्टी दिली. रुंदी बरोबर २ इंच. उंची अडीच इंचांच्याही वर. म्हणाले, "९६ ला ४८ ने भाग. आता ९६ ला ३६ ने भाग. कागदाला खूश करू नको बे पोरा. कागद कोण पांघरतं?"

उभी घरं ७२ च हवी होती. चौकोनी ग्राफवर ९६ बाय ७२ चं चक्र चपटं दिसलं असतं, कुणी तरी वरून दाबल्यासारखं, आणि तेच चपटं चक्र चादरीवर गोल उतरलं असतं. अशा घनतेसाठी वेगळा ग्राफ मिळतो, आठ-सहाचा. त्याच्या प्रत्येक मोठ्या चौकोनात आडवी आठ घरं आणि उभी सहा असतात, म्हणजे डोळ्याला दिसतं तसंच कापडावर येतं. तो ग्राफ कपाटात होता. तो का आहे हे मला त्या दिवशी कळलं.

आता तुझी शीट बघ. चित्रकाराच्या टेबलावर जे असतं ती वस्तूच असते. रंग वाळला की चित्र झालं. ते दुसरीकडे कुठे जाऊन काही व्हायचं नसतं. इंजिनिअरच्या टेबलावर असतो तो निरोप. वस्तू अजून जन्मायची आहे, दुसऱ्या गावात, दुसऱ्या माणसाच्या हातून, कदाचित रात्रपाळीत. तुझा ब्रॅकेट ज्या टर्नरच्या किंवा फिटरच्या हातात जाईल त्याने तुला पाहिलेलं नाही. शीटवरची प्रत्येक रेघ तो शब्दासारखी वाचतो. जाड सलग रेघ म्हणजे दिसणारी कड. तुटक बारीक रेघ म्हणजे आत लपलेली कड. एक लांब, एक आखूड अशी साखळी म्हणजे मध्यरेषा. या भाषेत तू मागची कड फिकट केलीस, तर वाचणाऱ्याला प्रश्न पडतो की ही दिसणारी कड आहे की मोजमापाची रेघ? आणि शेडिंग म्हणजे त्याच्या लेखी शंभर रेघा, ज्यांतल्या एकीलाही अर्थ नाही. तुझं शेडिंग सुंदर असेल, मला खात्री आहे. पण निरोपात जास्तीचे शब्द घातले की घेणारा गोंधळतो.

आणखी एक बघ, यात तुला मजा वाटेल. तू चित्र काढतोस तेव्हा एका जागी उभा असतोस. रेल्वे लाइन्सच्या पुलावरून पाहिलं तर रूळ लांबवर जाऊन एकमेकांना भेटतात, आणि तू ते तसेच काढतोस, कारण तुला तसेच दिसतात. तुझ्या शीटवरचा पुढून, वरून आणि बाजूने काढलेला ब्रॅकेट कुठल्याच माणसाच्या डोळ्याला तसा दिसत नाही. त्यात समांतर रेघा कधी भेटत नाहीत, मागचं पुढच्यापेक्षा लहान होत नाही. डोळा अनंत अंतरावर नेऊन ठेवला तरच असं दिसेल. दिसण्यातलं खरं सोडून द्यायचं आणि त्या बदल्यात मोजता येणारं खरं मिळवायचं, असा तो सौदा आहे. चित्रकार उलटा सौदा करतो. दोघेही खरं बोलतात. म्हणून ज्याला चित्र काढता येतं त्याला इंजिनिअरिंग ड्रॉइंग सोपं जातं हे मला कधी पटलं नाही. उलट पहिले सहा महिने त्याला जास्त जड जातं, कारण त्याच्या हाताला पहिला सौदा मुरलेला असतो. तुझ्यात खोट आहे म्हणून हे झालेलं नाही.

चुकीकडे पाहण्याची दोघांची नजरही वेगळी. आमच्या कारखान्यातले चित्रकार मुंबईला जे. जे. मध्ये शिकून आलेले होते. एकदा त्यांच्या ब्रशमधून निळ्याचा थेंब मोराच्या पायाशी पडला. मी बोळा घेऊन धावलो. त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ त्या डागाकडे बघत बसले. मग त्या डागाचं पाणी केलं. मला तसं करता येत नव्हतं. माझ्या ग्राफमधलं एक घर चुकलं तर कार्डात एक भोक चुकतं, ताण्याचा धागा उचलणारा एक हुक नको तेव्हा उचलला जातो, आणि ती चूक नक्षीच्या प्रत्येक आवृत्तीत, ६० बाय ९० च्या चादरीत जितक्या वेळा नक्षी येते तितक्या वेळा, त्याच जागी येते. दुसऱ्या चादरीतही. हजाराव्या चादरीतही. त्यामुळे ग्राफ पुरा झाला की मी आणि पंचिंगवाला समोरासमोर बसून ओळ न् ओळ वाचायचो. तो म्हणायचा "तीन भरले, दोन सोडले", मी म्हणायचो "बरोबर". दुपार दुपार जायची त्यात.

यावरून असं समजू नको की आम्ही फक्त चौकीदार होतो आणि सौंदर्य सगळं त्यांच्याकडून यायचं. एका भांडणाची गोष्ट सांगतो. चित्रकारांना आडव्या पट्टीवर एकच मोठा मोर हवा होता, मान मागे वळवून बघणारा. आमचं जेकार्ड ४०० हुकांचं. इंचाला ४८ धागे धरले तर ४०० हुकांत जेमतेम सव्वाआठ इंचांची नक्षी बसते. त्यांना सोळा इंच हवे होते. दुप्पट हुकांचं जेकार्ड मालकांना परवडणारं नव्हतं. मी म्हणालो, एक करता येईल. एकाच हुकाला दोन दोऱ्या बांधू, एक डाव्या अंगाची, एक उजव्या अंगाची, आरशासारख्या. मग त्याच ४०० हुकांत साडेसोळा इंच मिळतील, पण डावीकडे जे असेल तेच उजवीकडे उलटं येईल. म्हणजे एक मोर नाही, दोन मोर समोरासमोर. ते चिडले. "मग तुम्हीच काढा मोर," असं म्हणून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या आधी येऊन बसले होते. टेबलावर अर्धाच मोर होता आणि त्याच्या कडेला त्यांनी आरसा उभा धरला होता. आरशात बघत ते मानेची वळणं बदलत होते. मला वाटलं, मोर नीट करताहेत. तासाभराने मला बोलावलं. म्हणाले, "मोरांकडे बघू नको, मोरांच्या मध्ये बघ." दोन मानांच्या आणि छात्यांच्या मध्ये जी मोकळी जागा राहिली होती तिची समई झाली होती. खाली रुंद बैठक, मग सडपातळ दांडा, वर चोचींच्या मध्ये ज्योत. एकही रेघ समईसाठी काढलेली नव्हती. ती आरशाच्या बांधणीतून आली होती, म्हणजे ज्या अडचणीवरून आम्ही भांडलो तिच्यातूनच. पण मी ती अडचण वर्षानुवर्षं हाताळत होतो आणि मला त्या जागेत कधी काही दिसलं नव्हतं.

मी एवढंच लांबवून सांगतोय कारण "आर्टिस्टचं डोकं" या शब्दाने पोरं तुला हिणवतात ते मला सहन झालं नाही. ते डोकं म्हणजे नियम न पाळणं नव्हे. त्या चित्रकारांनी ४०० हुकांचा नियम माझ्यापेक्षा कसोशीने पाळला. फरक असा की काय व्हायचं आहे हे मला आधी माहीत असायचं आणि मी तिथे पोचायची वाट शोधायचो. त्यांना ते आधी माहीत नसायचं. हात चालवता चालवता ते शोधायचे, आणि सापडलं की त्यांना ओळखू यायचं. तुझ्याकडे ती ओळख असेल तर कॉलेजात ती कुणी काढून घेऊ शकत नाही.

आता काम सांगतो. पुढची शीट अशी काढ की ती वाचून, तुझ्याशी एक शब्द न बोलता, वर्कशॉपमधल्या काकांना ब्रॅकेट करता यावा. खरंच त्यांच्याकडे घेऊन जा आणि कुठे अडतात ते बघ. शेडिंगची वही वेगळी ठेव आणि तीही रोज भर. सुट्टीत एकदा विजापूरला जा. सोलापूरहून शंभरेक किलोमीटर, आपण सगळेच शाळेच्या सहलीत तिथे जाऊन ओरडून आलो आहोत. या वेळी ओरडू नको. गोलघुमटाच्या मधोमध उभा राहा आणि वर बघ. खाली चौरस खोली आहे, वर गोल घुमट, आणि मध्ये एकही खांब नाही. १६५६ मध्ये पुरं झालेलं काम. चौरसावरून गोलावर जायचं कसं, तर आठ कमानी एकमेकींना छेदत नेल्या आहेत. घुमटाचं वजन त्या भिंतींवर उतरवतात. आणि खालून पाहिलं तर त्यांची चांदणी दिसते. तिथेच बसून ती दोनदा काढ, एकदा दिसते तशी आणि एकदा वरून बघितल्यासारखी, मापासकट. मग मला दोन्ही कागद पाठव.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत कलाशिक्षक आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला मुलं बसतात ती दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून. नववीत गेलं की पालक येऊन सांगतात, "सर, याला आता इंजिनिअरिंगला जायचंय, चित्रकला बंद करा." एका मुलीचा हात विलक्षण आहे. तिच्या वडिलांना काय सांगू?
— कलाशिक्षक, मोहोळ

उत्तर : सर, त्यांना बाबूराव पेंटरांची गोष्ट सांगा. कोल्हापूरचे, आडनाव मेस्त्री, पण चित्रकलेमुळे पेंटर हेच नाव पडलं. नाटकांचे पडदे रंगवायचे. सिनेमा काढायचं मनात आलं तेव्हा परदेशी कॅमेरा हाती नव्हता, म्हणून त्यांनी आणि आनंदराव पेंटरांनी स्वतःच कॅमेरा घडवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव वारले. तरी काम थांबलं नाही, पुढे विष्णुपंत दामले जोडीला आले आणि १९१८ च्या सुमारास कॅमेरा चालू झाला. ज्या हाताने पडद्यावर राजवाडा रंगवला त्याच हाताने फिल्म एकसारख्या झटक्याने पुढे सरकवणारी यंत्रणा जुळवली. आणि पुढे सिनेमा काढताना प्रत्येक दृश्याची, पोशाखाची, सेटची चित्रं आधी कागदावर काढून घ्यायची त्यांची पद्धत होती. सुताराने काय करायचं, शिंप्याने काय करायचं ते त्या चित्रांवरून ठरे. वर त्या विद्यार्थ्याला मी निरोप म्हटलं ना, तोच हा. फक्त तो निरोप फार देखणा होता.

वडिलांना हेही स्पष्ट सांगा की मुलीने इंजिनिअर व्हायला तुमची हरकत नाही. चित्रकला थांबवली तर तिचं बघणं थांबेल, ही तुमची हरकत आहे. एक वस्तू तासभर न कंटाळता बघायची सवय शाळेत दुसऱ्या कुठल्या तासाला लागते? आणि आर्किटेक्चरला जायचं ठरलं तर प्रवेश परीक्षेतच चित्र काढावं लागतं, हे बऱ्याच पालकांना ठाऊक नसतं. तेही कानावर घाला.

शाळा सुटल्यावर तिला अर्धा तास देता येईल का, ते बघा. मी असतो तर दिला असता.

प्रश्न : माझे जावई सॉफ्टवेअरमध्ये आहेत, पुण्याला. दिवाळीत मी अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढत होते, १५ ते ८ ठिपक्यांची, तर म्हणाले, "आई, ही कला नाही, हे गणित आहे." ते मानाने म्हणाले की कमीपणाने ते मला कळलं नाही. तुम्ही सांगा, ही कला की गणित?
— एक गृहिणी, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : ताई, ते मानाने म्हणाले असं मी धरतो, कारण गणित त्यात खरंच आहे. मधल्या ओळीत १५ ठिपके, मग वर आणि खाली १४, १३ असं करत ८ पर्यंत. एकूण १६९ ठिपके होतात, मोजून बघा. वरच्या ओळीचा ठिपका तुम्ही खालच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध ठेवता. अंतर नीट पडलं तर प्रत्येक ठिपक्याला सहा शेजारी मिळतात, सगळे सारख्याच अंतरावर. म्हणून या रांगोळीत सहा पाकळ्यांची कमळं आपोआप बसतात. समोरासमोर ठिपक्यांच्या रांगोळीत शेजारी चारच, म्हणून तिथे स्वस्तिक आणि चौकट सहज येते, कमळ ओढूनताणून आणावं लागतं. हे तुमच्या आईने तुम्हाला कधी शब्दांत सांगितलं नसेल, पण कमळ काढायचं तर ठिपके कसे टाकायचे ते बोटांना माहीत होतं.

आमच्या घरी तेलुगू बोलतात, रांगोळीला मुग्गु म्हणतात. माझी अम्मा दारात बसून रांगोळी घालायची आणि मी तिचे ठिपके मोजायचो. ग्राफचा पहिला धडा मला तिथे मिळाला. पण एक गोष्ट तिने मोजून केली नाही. ठिपके टाकून झाले की ती पाच मिनिटं नुसती बसायची. त्याच १६९ ठिपक्यांत काल तिने एक काढलेलं असायचं, आज दुसरं. ठिपके टाकेपर्यंत गणित होतं हे जावयांचं म्हणणं मला मान्य आहे. त्या पाच मिनिटांत काय होतं, ते त्यांनाच पुढच्या दिवाळीत शेजारी बसवून विचारा. चिमूट त्यांच्या हातात द्या.

प्रश्न : आमचा टॉवेल आणि चादरीचा लहान कारखाना आहे, बारा माग. मुलाने टेक्स्टाइलचा डिप्लोमा केला. त्याने इलेक्ट्रॉनिक जेकार्ड बसवलं, कार्डांची गरज संपली. फोटो सॉफ्टवेअरमध्ये टाकला की ग्राफ तयार. तो म्हणतो आता ना चित्रकार लागेल ना ग्राफवाला. पण मागच्या वर्षी काढलेल्या पाच डिझाइन्सपैकी एकच चाललं. तीन डिझाइन्स व्यापाऱ्यांनी परत केली, सूत निघतं म्हणून. चूक कुठे होतेय?
— कारखानदार, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : सॉफ्टवेअरवर राग धरू नका. कॉम्प्युटर आणि माग यांचं नातं जुनं आहे. फ्रान्समधल्या ल्यों शहरात जोसेफ मारी जाकारने (जेकार्ड हे नाव त्याच्यावरूनच) १८०४ मध्ये भोकं पाडलेल्या कार्डांवर माग चालवला. भोक असेल तिथे सुई आत शिरते, हुक जागेवर राहतो आणि वर जाणारी सुरी त्याला उचलते. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते आणि हुक खालीच राहतो. आहे किंवा नाही, एवढी दोनच अक्षरं. पुढे तशाच मागावर जाकारचं रेशमी चित्र विणलं गेलं, त्याला २४,००० कार्डं लागली होती. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाने ते चित्र घरी ठेवलं होतं आणि आपल्या गणिती यंत्रासाठी, ज्याला कॉम्प्युटरचा पूर्वज मानतात, त्याने हीच कार्डं योजली. १८४३ मध्ये एडा लव्हलेस या इंग्लंडच्याच गणिती बाईंनी त्या यंत्राबद्दल लिहिलं की जाकारचा माग जशी फुलं आणि पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणतं. तेव्हा तुमच्या मुलाच्या कॉम्प्युटरचं एक मूळ आपल्याच धंद्यात आहे. मला याचा फार अभिमान वाटतो. कार्डं गेली, म्हणून मला वाईट वाटलं ते आवाजाचं. कामाच्या दृष्टीने झालं ते चांगलंच झालं.

चूक कुठे होतेय ते तुमच्याच पत्रात आहे : "सूत निघतं." याला आम्ही तरंग म्हणायचो. चित्रात मोठा सपाट रंग असतो. तो कापडावर आणायचा तर त्या रंगाचा धागा बऱ्याच धाग्यांवरून मोकळा जातो. फार लांब मोकळा राहिला तर तो कशात तरी अडकतो. माझ्या उमेदीच्या काळात मी एक पलंगपोस केला होता, मोठ्या पानांचा. नमुना घरी नेला. अम्माने तो झटकायला उचलला आणि तिच्या बांगडीत हिरवं सूत अडकून हातभर ओढलं गेलं. ती काही बोलली नाही, सूत परत सरळ करत बसली, आणि मी तिच्या हाताकडे बघत राहिलो. रात्री बसून मी प्रत्येक पानात बांधणीचे ठिपके टाकले, म्हणजे मोकळा धागा ठरावीक अंतरावर खाली दाबला जाईल. ठिपके कुठेही टाकले तर पानावर पुरळ उठल्यासारखं दिसतं. मग ते तिरक्या ओळींत टाकले, मधल्या देठापासून कडेकडे. पानाला शिरा आल्या. लोकांनी पलंगपोस घेतला तो त्या शिरांसाठी.

सॉफ्टवेअरही बांधणी टाकतं, पण सगळीकडे एकसारखी, सांगाल त्या अंतराने. हे पान आहे, याला शिरा असतात, हे त्याला कुणी तरी सांगावं लागतं. आणि दुसरं, पडद्यावर डिझाइन इतकं पुरं दिसतं की ते झालंच असं वाटतं. माझा चौकोनी ग्राफवरचा गोल जसा मला झालेला वाटला, तसंच. पडद्यावर दिसतं ते कापड नव्हे. बारा मागांतल्या एकावर आधी अर्धा मीटर विणा, धुवा, वाळवा, त्यावरून हात फिरवा, आणि घरातल्या बायकांना बांगड्यांसकट हाताळायला द्या. मगच बाकीचे माग लावा.

चित्रकार लागेलच. रोज नको, पण डिझाइन सुरू होताना लागेल, आणि त्याला मुलाच्या शेजारी खुर्ची द्या, फोनवरून चित्र मागवू नका. आमचं समईचं डिझाइन फोनवर झालं नसतं.

परत आलेल्या तीन डिझाइन्सचे तुकडे आणि त्यांच्या फाइलींच्या छापील प्रती घेऊन मुलाला माझ्याकडे पाठवा. संपादकांकडे माझा पत्ता आहे. धागे मोजायचं भिंग माझं अजून शाबूत आहे, आणि खिडकीपाशी सकाळी अकरापर्यंत उजेड चांगला असतो. तरंग कुठे कुठे आहेत ते आम्ही दोघं बसून मोजू.